विकिमीडिया कॉमन्सवरील उत्पात नियंत्रण

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त माध्यम-भांडारातील संचिका व त्यांची वर्णने यांची हेतुपुरस्सर केलेली नासधूस शोधणे, ती दुरुस्त करणे आणि तिची पुनरावृत्ती रोखणे या स्वयंसेवी कामास उत्पात नियंत्रण असे म्हणतात. नासधूस या अर्थी 'उत्पात' हा शब्द मराठी विकिपीडियावर रूढ आहे. कॉमन्सवरील एकच चित्र अनेक भाषांतील विकिपीडियांवर एकाच वेळी दिसत असल्याने तेथील एका खोडसाळ बदलाचा परिणाम दूरवर पोहोचतो. यामुळे या कामास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला. त्या काळी प्रत्येक भाषेच्या विकिपीडियावर चित्रे स्वतंत्रपणे चढवावी लागत. ही द्विरुक्ती टाळण्यासाठी ७ सप्टेंबर २००४ रोजी कॉमन्स हे सामायिक भांडार सुरू झाले. आज त्यात १० कोटींहून अधिक संचिका आहेत. छायाचित्रे, नकाशे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा यांचा त्यात समावेश होतो. संचिका चढविण्यासाठी सदस्य म्हणून नोंदणी करावी लागते. मात्र चित्राचे वर्णन खाते न उघडताही बदलता येते. ज्या मोकळीकीमुळे भांडार वाढले, तीच मोकळीक उत्पातासही वाट देते.

उत्पाताचे प्रकार

सर्वांत ठळक प्रकार म्हणजे चांगल्या चित्राच्या जागी त्याच नावाने दुसरे, असंबद्ध किंवा अश्लील चित्र चढविणे. असे झाल्यास ज्या लेखांत मूळ चित्र वापरलेले असते, त्या सर्व लेखांत नवे चित्र दिसू लागते. वर्णनात शिवीगाळ लिहिणे, वर्ग पुसून टाकणे, छायाचित्रकाराचे नाव बदलून स्वतःचे नाव घालणे, तसेच त्रास देण्याच्या हेतूने चित्र वगळण्याच्या खोट्या विनंत्या करणे हेही उत्पाताचे प्रकार होत.

ग्रंथांच्या बाबतीत हानीचे स्वरूप वेगळे असते. विकिस्रोत या प्रकल्पात कॉमन्सवरील ग्रंथाची पृष्ठप्रतिमा एका बाजूस आणि टंकलिखित मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून मुद्रितशोधन केले जाते. मूळ संचिका बदलल्यास पृष्ठक्रमांक व मजकूर यांचा मेळ तुटतो आणि अनेकांचे श्रम वाया जाण्याची भीती निर्माण होते.

कार्यपद्धती

या कामाचा पाया म्हणजे प्रत्येक बदलाचा जतन केला जाणारा इतिहास. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते आणि जुनी आवृत्ती पुन्हा स्थापित करता येते. वगळलेली संचिकाही प्रचालकांना परत आणता येते. म्हणून कॉमन्सवर नुकसान करणे सोपे असले, तरी ते कायम ठेवणे अवघड असते.

'अलीकडील बदल' या यादीवर गस्त घालणारे सदस्य संशयास्पद बदल तपासतात. अनुभवी सदस्यांना एका कळीने बदल उलटविण्याचा अधिकार दिला जातो. संपादन गाळणी ही यंत्रणा ठरावीक नमुन्यांचे बदल आपोआप अडविते किंवा त्यांवर खूण करते. दुसऱ्याच्या संचिकेवर नवी आवृत्ती चढविण्यावर नवख्या सदस्यांना मर्यादा घातलेल्या आहेत. मोठ्या विकिपीडियांच्या मुखपृष्ठावर येणारी चित्रे आधीच सुरक्षित केली जातात. उत्पात करणाऱ्यास प्रथम सूचना दिली जाते. तो न थांबल्यास प्रचालक त्याला प्रतिबंधित करतात. अनेक प्रकल्पांवर उपद्रव करणारे खाते स्टुअर्ड हे पदाधिकारी सर्वत्र बंद करू शकतात.

स्थानिक ज्ञानाची गरज

शिवीगाळ गाळणीस ओळखता येते. सभ्य भाषेत लिहिलेली खोटी माहिती मात्र सहज निसटते. रायगड जिल्ह्यातील निडी हे पनवेल–रोहा लोहमार्गावरील नागोठणे व रोहा यांच्या मधले लहान रेल्वे स्थानक आहे. समजा, तेथील एखाद्या छायाचित्राच्या वर्णनातील 'निडी' हे नाव काढून कोणी त्याच मार्गावरील 'कासू' हे नाव लिहिले. चित्रात नामफलक असेल तर चूक लगेच उघड होते. केवळ फलाट, रूळ आणि मागचे डोंगर दिसत असतील तर देवनागरी न वाचणाऱ्या परदेशी स्वयंसेवकास ती कळण्याचा संभव फार कमी असतो. अशा वेळी चित्राचे अक्षांश-रेखांश, ते काढल्याची वेळ आणि त्याच छायाचित्रकाराची त्या दिवशीची इतर चित्रे पडताळून पाहिली जातात. तरीही अखेरचा निर्वाळा बहुधा तो परिसर जाणणाराच देऊ शकतो. कोकणात एकाच नावाची गावे व वाड्या एकाहून अधिक तालुक्यांत आढळत असल्याने ही गरज अधिकच भासते.

उत्पात व मतभेद

प्रत्येक चुकीचा बदल हा उत्पात नव्हे. नवख्या सदस्याची चूक, अपुरी माहिती किंवा प्रामाणिक मतभेद यांना उत्पात मानू नये, असा संकेत आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ साली आणि अहमदनगरचे अहिल्यानगर हे नामांतर २०२४ साली अमलात आले. जुन्या चित्राच्या वर्णनात कोणते नाव असावे, यावर दोन सद्हेतू सदस्यांचे मत भिन्न असू शकते. त्याचा निकाल चर्चेने लावावा लागतो.

प्रताधिकाराच्या प्रश्नातही अशीच सावधगिरी लागते. संकेतस्थळावरून उचललेले चित्र स्वतःचे म्हणून चढविणे नियमबाह्य आहे व असे चित्र वगळले जाते. परंतु पुष्कळ जण हे अज्ञानातून करतात. याउलट, भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मोकळीक आहे. तेव्हा चौकातील पुतळ्याचे छायाचित्र सरसकट वगळण्याची मागणी करणे हीदेखील चूक ठरते. संशयास्पद संचिकांवर साधारणतः किमान सात दिवस चर्चा होऊन प्रचालक निर्णय देतात.

मर्यादा

उलटविलेला बदल भांडारातून जातो. मात्र तत्पूर्वी इतरत्र उतरवून घेतलेल्या प्रती आणि चुकीच्या ओळी मागे उरतात. गस्त घालणारे सर्वजण विनावेतन, सवडीने काम करीत असल्याने कमी वाचल्या जाणाऱ्या भाषांतील वर्णनांत खोटी माहिती दीर्घकाळ टिकून राहू शकते. आपल्या गावाची, तालुक्याची वा आवडीच्या विषयाची चित्रे 'पहाऱ्याच्या सूची'त ठेवणारा सदस्य ही उणीव काही अंशी भरून काढतो. त्या चित्रांत बदल होताच त्याची नोंद सूचीत उमटते आणि जाणकार नजरेस तो बदल वेळीच पाहता येतो.