अर्धवट गोधडीने सांगितलेली गोष्ट

प्रत्येक घरात एखादे तरी शिवणकाम अर्धवट पडलेले असते. कापून ठेवलेला पण न शिवलेला कुर्ता, एकाच बाहीवर भरतकाम झालेला झंपर, गोटा लावायची राहिलेली ओढणी. रमजानच्या आधी साफसफाई निघाली की ते बाहेर येते आणि 'ईदनंतर बघू' म्हणून पुन्हा कपाटात जाते.

आमच्याकडे ती गोधडी होती. नातू वर्षाचा असताना अम्मीने त्याच्यासाठी शिवायला घेतलेली. तळाला तिची जुनी सुती साडी, मध्ये झिजलेल्या चादरी आणि वर अब्बांच्या लुंगीपासून आमच्या लहानपणच्या फ्रॉकपर्यंत सगळ्यांचे तुकडे. नातू पहिलीत गेला तरी गोधडी पेटीतच होती. विचारले की अम्मी म्हणायची, "कंटाळा आला." आम्हीही ते मान्य करून टाकले होते. वय झाले, कंटाळा येणारच.

यंदा शाबान महिन्यात पेटी आवरताना आम्ही बहिणी आणि भाभीने ठरवले, की आता ही आपणच पूर्ण करायची. जमिनीवर चादर घालून गोधडी पसरली आणि टाके पाहू लागलो.

आपल्याकडची गोधडी बहुधा बाहेरच्या कडेपासून आत शिवत नेतात. एक चौकोनी फेरा पूर्ण झाला की बोटभर अंतर सोडून आतला फेरा. म्हणजे कडेचे टाके सर्वांत जुने आणि मधले सर्वांत नवे. अम्मीचे कडेचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे होते. पाचव्या-सहाव्या फेऱ्यापासून ते लांब होत गेले. मग दोन फेरे एकमेकांत घुसू लागले. गडद निळ्या दोऱ्याने चाललेल्या ओळीत मध्येच काळा दोरा आला होता. शेवटच्या फेऱ्यात सुई तशीच खोचलेली होती, गंजलेली.

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. हा कंटाळा नव्हता. भाभीने अम्मीला जवळ बसवून विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दिखताच नै बेटा." शेजारची मुलगी रोज येऊन सुईत दोरा ओवून देत असे. तिचे लग्न झाले आणि त्याच आठवड्यात गोधडी थांबली. आम्ही घरात असून अम्मीने आम्हाला एकदाही हाक मारली नाही, कारण आम्ही सतत घाईत असायचो. हे ऐकणे सोपे नव्हते.

डोळे तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग हळूहळू गढूळ आणि पिवळसर होत जाते. त्यामुळे बारीक टाका दिसत नाही आणि निळा-काळा असे जवळचे गडद रंग वेगळे ओळखता येत नाहीत. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

अम्मी मात्र तयार होईना. तिला भीती सुईची नव्हती, नमाजची होती. "वजू कसे करू? सजदा कसा करू?" अनेक वडीलधारी माणसे याच विचाराने वर्षानुवर्षे डोळे दाखवत नाहीत. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर पडून, आणि झुकता येत नसेल तर इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने आजारी माणसाला दिली आहे. वाकायचे कधी आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचे कधी, हे डॉक्टरांना विचारावे, आणि तोपर्यंत वजूचे काय करायचे ते आपल्या इमामसाहेबांना. आम्ही दोन्ही ठिकाणी विचारले. मग ईदनंतर एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

ती बरी होईपर्यंत आम्ही गोधडीची तयारी केली. गंजलेली सुई काढली. विरलेल्या तुकड्यांवर नवी ठिगळे बसवली. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घातले. प्रश्न होता वाकड्या टाक्यांचा. ते उसवावेत का? अम्मी म्हणाली, "सुटलेला टाका उसवा. वाकडा असू दे, थर धरून ठेवतो ना?" म्हणून ते तसेच राहिले.

रोज असरनंतर अर्धा तास, एवढाच नियम ठेवला. थोडे असले तरी नियमित केलेले काम अल्लाहला प्रिय असते, अशी हदीस आहे. भाऊ आधी लाजत होता. पण प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवत आणि चपला स्वतः सांधत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेले आहे. ती हदीस अम्मीने आठवून दिली आणि त्यानेही सुई धरली.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंद' नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांत मुस्लिम, हिंदू, ख्रिश्चन सगळ्या आहेत. चारही कोपऱ्यांवर कापडी घड्यांची फुले लावल्याशिवाय त्या कवंद पूर्ण झाली असे मानत नाहीत. आमच्या गोधडीचेही शेवटचे काम आम्ही अम्मीसाठी राखून ठेवले. डॉक्टरांनी दिलेला जवळचा चष्मा लावून तिने स्वतः सुईत दोरा ओवला. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा गेला. मधला शेवटचा फेरा तिने चार दिवसांत पूर्ण केला.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गोधडी नातवाच्या अंगावर आली. ती त्याला आखूड पडते, पाय बाहेर राहतात. म्हणून खाली आणखी एक पट्टी जोडायची ठरली आहे. अम्मी म्हणते, दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की जोडू.

आपल्या पेटीतही असे काही पडलेले असेल, तर ते पुन्हा घडी करून ठेवण्याआधी एकदा पसरून बघा. ते कुणाच्या हातातले होते आणि का थांबले, हे त्या माणसाजवळ बसून विचारा.