‘बेल ऑफ लुइव्हिल’ : एका आगबोटीचे आयुष्य

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी लुइव्हिल शहर वसले आहे. तेथील धक्क्यावर जी जुनी आगबोट जतन केलेली आहे, ती १९१४ साली पिट्सबर्ग येथे बांधली गेली. त्या वेळी तिचे नाव ‘आयडलवाइल्ड’ होते. मिसिसिपी नदीवर मेम्फिस येथे उतारू पैलतीरी नेणे आणि कापूस, लाकूड, धान्य वाहणे हे तिचे पहिले काम.

तिची घडण नदीच्या स्वभावास अनुसरून आहे. तळ सपाट असल्याने तिला सुमारे ५ फूट पाणी पुरते. त्यामुळे बांधलेले बंदर नसले तरी ती काठास लागू शकते. बॉयलरमधील वाफ आडव्या सिलिंडरांतील दट्ट्यांना मागेपुढे ढकलते, त्यांना जोडलेले लांब दांडे पाठीमागचे प्रचंड चाक फिरवितात आणि चाकाच्या फळ्या पाणी मागे लोटतात. वर्गात हे समजावून देताना होडीच्या वल्ह्याचा दाखला पुरेसा होतो : एका वल्ह्याच्या जागी येथे वल्ह्यांचे चक्रच आहे. चाक मागे असल्यामुळे प्रवाहातून वाहत येणाऱ्या ओंडक्यांपासून त्याचे पुष्कळसे रक्षण होते.

रस्ते आणि मोटारी वाढल्या तशा अशा बोटी भंगारात गेल्या. ही मात्र मिळेल ते काम करीत राहिली. १९३१ पासून तिने लुइव्हिल येथे सहलीचे उतारू नेले. दुसऱ्या महायुद्धात तेलाचे पडाव ढकलत नेले. १९४८ साली ‘ॲव्हलॉन’ हे नाव धारण करून ती नद्यानद्यांतून, गावोगाव सहली करीत हिंडली. अखेरीस ती जीर्ण झाली व १९६२ साली लिलावास निघाली.

तेव्हा जेफर्सन परगण्याने, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाने, ती ३४,००० डॉलरांस विकत घेतली. परगण्याचे कार्यकारी प्रमुख मार्लो कुक यांनी यात पुढाकार घेतला. मोडकळीस आलेल्या बोटीवर लोकांचा पैसा घालावा काय, अशी टीका झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु डागडुजी होऊन ३० एप्रिल १९६३ रोजी, आताचे नाव धारण करून, तिने ‘डेल्टा क्वीन’ या आगबोटीशी शर्यत केली. ती हरली, तरी शर्यतीची प्रथा पुढे रूढ झाली.

१९८९ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. १९९७ साली कोणी जाणूनबुजून पाणी आत सोडल्याने ती धक्क्यावरच अर्धवट बुडाली, पण वाचविण्यात आली. २०१४ साली तिने शंभर वर्षे पूर्ण केली, तीही उतारू घेऊन आणि वाफेच्याच बळावर.