पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चालवायचा म्हणजे काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. त्यावर प्रक्रिया करण्यासाठी उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती केवळ २०,२३५ दशलक्ष लिटर पाण्यावर. म्हणजे क्षमता अपुरी आहेच, शिवाय जी आहे तिचाही एक तृतीयांशाहून अधिक भाग वापराविना पडून होता.

याची कारणे अनेक आहेत. कोठे घरांच्या जोडण्या मुख्य वाहिनीपर्यंत पोहोचलेल्या नाहीत, कोठे वीजदेयके आणि दुरुस्तीचा खर्च पालिकेला पेलवत नाही. मात्र एक कारण थेट विद्यापीठांच्या दाराशी येऊन थांबते. ही केंद्रे आखणारे, चालवणारे आणि तपासणारे प्रशिक्षित अभियंते पुरेशा संख्येने तयार होतात काय, हा तो प्रश्न होय. या पार्श्वभूमीवर पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चालवताना विद्यापीठाला नेमके काय करावे लागते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आरोग्य अभियांत्रिकीपासून पर्यावरणाकडे

ही विद्याशाखा मुळात स्थापत्य अभियांत्रिकीच्या कुशीत वाढली. पिण्याचे पाणी शुद्ध करणे आणि मैलापाणी शहराबाहेर नेणे ही तिची दोन मूळ कामे असून तिचे जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी असे होते. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’ झाली. या नामांतरात संपूर्ण विषयाचा प्रवास सामावलेला आहे.

त्याच वर्षी जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा अस्तित्वात आला. १९८१ मध्ये हवेसाठी स्वतंत्र कायदा झाला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक झाले. प्रत्येक कायद्याबरोबर अभ्यासक्रमात नवा विषय दाखल होत गेला. पाणी आणि मैला यांच्या जोडीला हवा, ध्वनी, घनकचरा, घातक रसायने आणि कायदा हे सारे आले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यास हा सहा महिन्यांचा सक्तीचा विषय आखून दिला. तो जाणीवजागृतीचा विषय आहे. पर्यावरण अभियांत्रिकी ही त्याहून वेगळी, आकडेमोडीवर आणि आरेखनावर उभी असलेली व्यावसायिक विद्या आहे.

अभ्यासक्रमाच्या गाभ्याशी काय असते?

एक साधे उदाहरण पाहू. एक लाख लोकवस्तीच्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी पुरवले जाते असे धरले, तर एकूण पुरवठा १ कोटी ३५ लाख लिटर होतो. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, असा नियोजनाचा प्रघात आहे. म्हणजे दररोज १ कोटी ८ लाख लिटर. या पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू वापरतात, त्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा ‘बीओडी’ म्हणतात. ती लिटरमागे २५० मिलिग्रॅम असेल, तर त्या शहराच्या सांडपाण्याचा भार दिवसाला २,७०० किलो भरतो. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादेनुसार नदीत सोडायच्या पाण्यात हे प्रमाण लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. म्हणजे सुमारे ८८ टक्के भार केंद्रातच उतरवला पाहिजे.

यासाठी टाकी केवढी हवी, हवा किती फुंकावी लागेल, त्यासाठी वीज किती लागेल आणि उरलेल्या गाळाचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला स्वतः मांडता आली पाहिजेत. त्यासाठी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, द्रवगतिकी आणि संख्याशास्त्र या चारही विषयांचा पाया लागतो. एकाच पदवीत हे सारे बसवताना विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची कसोटी लागते. एक विषय वाढवायचा तर दुसरा कमी करावा लागतो.

नियम बदलले की पाठ्यघटकही बदलावे लागतात. घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम २०१६ मध्ये बदलले. हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या मानकांत अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा समावेश झाला. अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे आणि तेथून वर्गापर्यंत नवा पाठ्यक्रम पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर विद्यार्थी जुन्या नियमांवर परीक्षा देत राहण्याचा धोका असतो.

प्रयोगशाळेचे वेळापत्रक

या अभ्यासक्रमाचा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे प्रयोगशाळा. बीओडीची चाचणी पूर्वापार २० अंश सेल्सिअस तापमानास पाच दिवस केली जात असे. भारतीय हवामानाचा विचार करून येथील मानकात २७ अंशांस तीन दिवस ही पद्धत स्वीकारण्यात आली. विद्यार्थ्यांनी सोमवारी बाटल्या भरल्या, तर निष्कर्ष गुरुवारी मिळतो. गुरुवारी भरल्या, तर मोजणी रविवारी येते आणि त्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप असते. मधल्या काळात वीज गेली आणि इनक्युबेटरचे तापमान बदलले, तर साराच प्रयोग वाया जातो. सर्वसाधारण अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दोन तासांच्या तासिकांचे वेळापत्रक या जिवाणूंना लागू पडत नाही.

हवेच्या मोजणीचेही तसेच. राष्ट्रीय मानकांनुसार एका ठिकाणच्या वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांची अशी वर्षाला किमान १०४ मोजमापे अपेक्षित आहेत. एका दुपारी यंत्र चालवून काढलेला आकडा हा त्या दुपारचा आकडा असतो, शहराचा नव्हे. हा फरक विद्यार्थ्याच्या मनात पक्का रुजवणे हेच त्या प्रयोगाचे खरे प्रयोजन होय.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. पाण्यातील रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजण्याच्या प्रचलित चाचणीत डायक्रोमेट आणि पाऱ्याचा क्षार वापरला जातो. चाचणीनंतर उरणारा द्रव स्वतःच घातक कचरा असतो. तो बेसिनमध्ये ओतून देणारी प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना प्रदूषण नियंत्रण शिकवू शकत नाही. तो वेगळा साठवणे आणि अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवणे यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी लागते.

भिंतीबाहेरचा वर्ग

पुस्तकातील आकृती आणि प्रत्यक्ष केंद्र यांतील अंतर केवळ भेटींनीच कमी होते. देशात यासाठी शिकण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत. पूर्व कोलकात्यातील पाणथळ जागांत शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यशेती चालते. २००२ मध्ये या क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कानपूरच्या जाजमऊ भागात चर्मोद्योगातील क्रोमियम घरगुती सांडपाण्याच्या प्रक्रियेत कसा अडथळा आणते, हे समजते. नागपूरच्या भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. तेथे सांडपाणी हा विकाऊ कच्चा माल ठरतो.

अशा भेटींसाठी महापालिका, औद्योगिक वसाहती आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे यांच्याशी दीर्घकाळ संबंध राखावे लागतात. हे काम कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेले नसते. ते विभागातील एखाद्या शिक्षकाच्या चिकाटीवर चालते आणि तो निवृत्त झाला की बहुधा थांबते. त्यामुळे हे संबंध व्यक्तीऐवजी विभागाच्या नावे लेखी सामंजस्य कराराने जोडणे हिताचे असते.

विद्यार्थी कोठून येणार, कोठे जाणार?

दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ, अहमदाबादचे एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि धनबादची आयआयटी अशा मोजक्या संस्थांत या विषयाच्या स्वतंत्र पदवी शाखा आहेत. अन्यत्र तो प्रामुख्याने स्थापत्य अभियांत्रिकीनंतरचा पदव्युत्तर विषय म्हणून शिकवला जातो. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२१ मध्ये प्रथम आली. तोपर्यंत या विषयाच्या पदवीधरांना दुसऱ्या शाखेची प्रश्नपत्रिका सोडवावी लागत होती.

नोकरीचा प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. पालिकांच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागांतील भरतीत बहुधा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. ज्या कामासाठी विशेष शिक्षण घेतले, त्याच कामाच्या जाहिरातीत आपल्या पदवीचे नाव नसावे, हा अनुभव विद्यार्थ्यांना या शाखेपासून दूर नेतो. विद्यार्थी घटले की जागा रिकाम्या राहतात, शिक्षकांची पदे भरली जात नाहीत आणि प्रयोगशाळेचा निधी आटतो. पर्यावरणीय मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्था, उद्योगांतील प्रक्रिया केंद्रे आणि प्रदूषण मंडळे येथे संधी आहेत. पण शहरांच्या सार्वजनिक सेवेचे दार उघडल्याशिवाय त्या पुरेशा ठरणार नाहीत.

राज्य सरकारे आणि पालिकांनी आपल्या सेवाप्रवेश नियमांत या पदवीचा स्पष्ट उल्लेख केला, तर हे चक्र उलटे फिरू शकते. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. दुसरीकडे विद्यापीठांनीही आपला पदवीधर प्रक्रिया केंद्रात पहिल्याच दिवशी नोंदवही वाचू शकेल, बिघाड ओळखू शकेल आणि गैरसोयीचा आकडाही जसाच्या तसा लिहील, याची खात्री दिली पाहिजे. दररोज नदीत जाणाऱ्या प्रक्रियाविरहित पाण्याचा आकडा कमी होण्यासाठी टाक्यांइतकीच अशा माणसांची गरज आहे.