हळू म्हणजे सावकाश नव्हे : मुलांना मोठा आणि लहान आवाज शिकवताना

गणेशोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की मंडळाच्या सभागृहात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : "अरे, जोरात म्हणा! मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत नाहीये." मुले जोरात म्हणतात. म्हणजे आवाज वाढवतात, पण त्याबरोबर सूर सोडून वर जातात आणि लयही पळवतात. मग ताई म्हणतात, "आता जरा हळू." मुले लगेच संथ होतात. आवाज मात्र होता तेवढाच राहतो!

यात मुलांची चूक नाही. आपण जे शब्द वापरले, त्यांचा त्यांना समजला तो अर्थ त्यांनी घेतला. लहान मुलांना संगीतातला मोठा आणि लहान आवाज शिकवायचा असेल, तर सुरुवात आपल्याच शब्दांपासून करावी लागते.

शब्दांचा घोळ

मराठीत 'हळू चाल' म्हणजे सावकाश चाल, आणि 'हळू बोल' म्हणजे लहान आवाजात बोल. एकच शब्द, दोन कामे. आपल्या इंदूरच्या मुलांना तर शाळेत आणि गल्लीत हिंदीही बोलावी लागते, आणि तिथे 'धीरे'ची तीच गत आहे. 'तेज' हा शब्द धावण्यालाही चालतो आणि टीव्हीच्या आवाजालाही. शिवाय घरी आपण रागावून म्हणतो, "आवाज चढवू नकोस", तेव्हा आपल्याला ओरडणे अभिप्रेत असते; पण गाण्याच्या वर्गात 'स्वर चढा लागला' याचा अर्थ अगदी वेगळा असतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन जोड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक जोडीला एक खूण द्यावी :

- मोठा – लहान : दोन्ही हात पसरायचे किंवा जवळ आणायचे.
- उंच – खोल : एक हात डोक्याच्या वर न्यायचा किंवा गुडघ्यापर्यंत आणायचा.
- जलद – संथ : पायांनी ठेका धरायचा, भरभर किंवा सावकाश.

'जोरात' आणि 'हळू' हे शब्द महिनाभर बाजूला ठेवून बघा. "लहान आवाजात, पण लय तीच" असे सांगितले की चार-पाच वर्षांच्या मुलालाही नेमके काय करायचे ते कळते.

नादाचे गुण

संगीताच्या प्राथमिक परीक्षांना बसलेल्यांना नादाचे तीन गुणधर्म आठवत असतील : नादाचा लहान-मोठेपणा, नादाची उच्च-नीचता आणि नादाची जाती. आपण ते पाठ केले आणि विसरलो. लहान मुलांना मात्र ते हाताने करून दाखवता येतात.

तानपुऱ्याची तार हलकेच छेडा, मग थोडी जास्त छेडा. आवाज मोठा झाला, पण स्वर तोच राहिला, कारण तार जास्त रुंद हलली तरी सेकंदाला तितक्याच वेळा हलली. पेटीचे एकच बटण दाबून भाता कमी-जास्त जोराने चालवा, तेच दिसेल. बासरी मात्र वेगळी. तिच्यात फुंक फार वाढवली तर स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. मुलांचा गळा या बाबतीत थोडा बासरीसारखा आहे. मोठ्या आवाजासाठी श्वासाचा दाब वाढवला की सूरही वर सरकू पाहतो. म्हणून "जोरात" म्हटल्यावर मुले बेसूर होतात. तो खोडसाळपणा नसतो; सूर धरून आवाज वाढवणे ही शिकण्याचीच गोष्ट आहे.

घरी खेळता येणारे खेळ

*घंटा कुठे संपते?* देवघरातली घंटा एकदाच वाजवा. मुलाने डोळे मिटून ऐकायचे आणि आवाज पूर्ण विरल्यावर हात वर करायचा. लहान आवाज काढण्याआधी तो ऐकता यायला हवा, आणि हा खेळ तेच शिकवतो. तीन वर्षांच्या मुलालाही जमतो.

*उडणारी मोहरी.* एका वाडग्यावर फुग्याचे रबर ताणून बसवा, त्यावर मोहरीचे दाणे टाका आणि जवळच एक ताट चमच्याने वाजवा. हलके वाजवले तर दाणे जेमतेम थरथरतील, जोराने वाजवले तर उडतील. मोठा आवाज म्हणजे हवेचा मोठा हेलकावा, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

*चार चौकोन.* कागदावर चार चौकोन आखा आणि मुलांनाच आवाज शोधायला सांगा. लहान आणि उंच : डासाची गुणगुण. मोठा आणि उंच : कुकरची शिट्टी. लहान आणि खोल : मांजराची घुरघुर. मोठा आणि खोल : मिरवणुकीतला ढोल. हा खेळ जमला की 'मोठा म्हणजे उंच' हा गैरसमज आपोआप जातो.

*झांकी आली, झांकी गेली.* अनंत चतुर्दशीच्या झांक्या आपल्या मुलांनी पाहिलेल्या असतात. मिरवणूक दूर असताना सा रे ग म अगदी लहान आवाजात म्हणायचे, ती जवळ येते तसा आवाज वाढवायचा, दारासमोरून गेली की पुन्हा कमी करत न्यायचा. लय बदलायची नाही, म्हणून एकाने टाळी धरायची. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी हा उत्तम सराव आहे, कारण यात आवाज एकदम न बदलता पायरी-पायरीने बदलतो.

*लपवलेली वस्तू.* एकाने वस्तू शोधायची. तो जवळ गेला की बाकीच्यांचा आवाज मोठा, लांब गेला की लहान. शब्दाने काहीही सुचवायचे नाही.

एक गोष्ट सांभाळा. लहान आवाज म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजीत सूर नसतो. लहान आवाजातही स्वर स्पष्ट कानावर आला पाहिजे.

लहान आवाज दुबळा नसतो

मुलांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो : मोठा आवाज म्हणजे शाबासकी आणि लहान आवाज म्हणजे शिक्षा. घरी "गप्प बस, हळू बोल" आणि मंचावर "जोरात म्हण", यातूनच तो तयार होतो. तो घालवायला आपल्या माळव्यापेक्षा चांगली जागा नाही.

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांचे एखादे ध्वनिमुद्रण मुलांना पाच मिनिटे ऐकवा. मंद्र सप्तकात शांतपणे चाललेला अतिविलंबित ख्याल, आणि पुढे जलद ताना. तिथे लय वाढली तरी आरडाओरडा होत नाही. जलद आणि मोठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगले कोण सांगणार? मग कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकवा. कुमारजी १९४८ साली देवासला आले. क्षयाच्या आजाराने त्यांचे गाणे काही वर्षे बंद पडले आणि एक फुप्फुस निकामी झाले. त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात खुला, भरदार स्वर आणि लगेच येणारा अगदी लहान स्वर यांचा खेळ सतत ऐकू येतो. मुलांना सांगा, "आवाज लहान झाला की बोट वर कर." मुले बरोबर ओळखतात, आणि तो लहान स्वर ऐकायला स्वतःहून पुढे झुकतात.

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांना आणखी एक गंमत सांगता येईल. इटालियन भाषेत 'पियानो' म्हणजे लहान आवाज आणि 'फोर्टे' म्हणजे मोठा. सुमारे १७०० साली बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी बनवलेल्या वाद्यात बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा करता येत असे, म्हणून त्याला दोन्ही शब्द मिळून नाव पडले. पुढे 'पियानो' तेवढे उरले. बरेच स्वस्त कीबोर्ड मात्र कसेही दाबले तरी सारखाच आवाज देतात. विकत घेताना हे तपासून घ्यावे.

तालमीत आपण काय सांभाळावे

मुलांचा आवाज मागे पोहोचत नाही, याचे कारण अनेकदा पट्टी असते. काळी एक किंवा दोन ही पुरुषांची सोयीची पट्टी बहुतेक लहान मुलांना खोल पडते, आणि गळ्याच्या खालच्या टोकाला कोणाचाही आवाज लहानच निघतो. अशा वेळी "जोरात" म्हणण्याऐवजी पट्टी काळी चार किंवा पाच करून बघावी. ओरडायला न लावताच आवाज मोकळा होतो. उरलेले काम माइकवर सोपवावे.

तालमीनंतर आवाज बसत असेल तर मुलाला विश्रांती आणि पाणी द्यावे. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ढोल किंवा स्पीकरजवळ मूल कानावर हात ठेवत असेल, तर त्याला हसू नये, लांब बसवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : "याला आवाजच नाही" असे मुलासमोर कधी म्हणू नये. आपल्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांनी लहानपणी ऐकलेल्या अशा एका वाक्यावर गाणे कायमचे सोडले आहे. लहान आवाजाच्या मुलाला मागच्या रांगेत न उभे करता, गाण्यातली एक ओळ लहान आवाजासाठी राखून ठेवावी आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्यावी. सभागृह शांत होऊन ऐकते आहे, हे त्याला एकदा कळू द्यावे. पुढच्या वर्षी तालमीला तो बहुधा स्वतःहूनच येईल.