फोटो गिऱ्हाईक आणील, टिकवील तो माल



मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलात की फळीवर बियाण्यांची पाकिटे ओळीने लावलेली दिसतात. एकावर लालबुंद टोमॅटो, दुसऱ्यावर हातभर लांब दोडका, तिसऱ्यावर तजेलदार वांगी. तुम्ही वाण विचारता, शेजाऱ्याचा अनुभव विचारता, हे खरे. तरीपण हात आधी जातो तो चांगल्या चित्राच्या पाकिटाकडे. पुढच्या वर्षी मात्र चित्राकडे कोणी पाहत नाही. उगवण किती झाली, तोडे किती मिळाले, एवढेच पाहिले जाते. पहिली खरेदी चित्रावर होते, दुसरी अनुभवावर.

आजवर चित्र दुसऱ्याचे होते आणि खरेदी तुमची होती. आता चित्र तुमचे आणि खरेदी शहरातल्या गिऱ्हाइकाची, अशी सोय झाली आहे. घरोघरी फोन आले, त्यात कॅमेरा आला. २०१० साली निघालेले इन्स्टाग्राम तर मुळातच फोटोंसाठी निघाले. लहान दुकानदारांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप २०१८ मध्ये आले. त्याआधी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. म्हणजे थेट विक्रीची वाट आहे आणि माल दाखवायला खिडकीही आहे. प्रश्न एवढाच, की त्या खिडकीत काय मांडायचे आणि कसे.

एका गुऱ्हाळाची गोष्ट

माझ्या फिरतीतल्या एका कुटुंबाची हकीकत सांगण्यासारखी आहे. घरचा ऊस, घरचे गुऱ्हाळ. थोरल्या सुनेचे शिक्षण बारावीपर्यंत. तिने हौसेने फोनवर गुळाचे पान सुरू केले. पहिल्या वर्षी दिराने सल्ला दिला, की आपला गूळ काळसर दिसतो, त्यापेक्षा इंटरनेटवरचा छान पिवळाधमक फोटो लावू. तो लावला. आठ दिवसांत चाळीसेक घरांची मागणी आली. घरात आनंदीआनंद झाला. पेट्या रवाना झाल्या आणि मग फोन सुरू झाले: “ताई, फोटोतला गूळ कुठे आहे?” कोणी माल परत केला, कोणी पैसे अडवले. गूळ चांगला होता. खोटा होता तो फोटो.

दुसऱ्या वर्षी सुनेने सासूबाईंना बरोबर घेतले आणि स्वतःच्या गुऱ्हाळावरच फोटो काढले. चुलवाणावर उकळणारी काहील, रानभेंडीच्या रसाने वर आलेली मळी काढताना गुळव्या, वाफ्यात ओतलेला पाक, शेवटी तळहातावर फोडलेली ढेप. फोटोखाली तिने लिहिले, की गूळ फिकट दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर वापरतात, ती आम्ही वापरत नाही. त्यामुळे आमचा गूळ तांबूस-काळसर असतो, पिवळा हवा असेल त्यांनी मागवू नये. त्या वर्षी पहिल्या आठवड्यात मागणी निम्म्यावर आली. दीर हसला. पण एकही पेटी परत आली नाही आणि संक्रांतीच्या तोंडावर त्यातल्या बहुतेक घरांनी पुन्हा गूळ मागवला, शिवाय शेजारणींचे नंबरही दिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळसर रंग म्हणजे शुद्धतेची पावती नव्हे. जमीन, उसाची जात, पाक जास्त तापणे यांनीही गुळाचा रंग गडद होतो. म्हणून नुसता रंग दाखवून भागत नाही, गूळ कसा तयार झाला ते दाखवावे लागते. फोटोचा खरा उपयोग हाच आहे. बाजारात गिऱ्हाईक फक्त माल पाहते. फोटोतून ते तुमचे काम पाहू शकते.

फोटो कसा काढावा

भारी फोन लागत नाही. पुढील सहा गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ झाले.

१. आधी कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसावी. खिशातल्या फोनवर धूळ आणि बोटांचे तेल बसलेले असते.

२. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर फोटो घ्यावा. भर दुपारी उन्हाने रंग फिके पडतात आणि सावल्या काळ्या येतात. घरात घ्यायचा असेल तर ओसरीवर, उजेड बाजूने येईल असा घ्यावा.

३. मागे पसारा नको. साधे घोंगडे, पोते किंवा सारवलेले अंगण पुरे.

४. आकार कळेल असे काही शेजारी ठेवावे. तळहातावरचे डाळिंब, शेरभर मापातली तूर, तराजूतली मिरची. नुसत्या फळाच्या फोटोवरून ते लिंबाएवढे की नारळाएवढे, हे शहरातल्या माणसाला उमगत नाही.

५. निवडक एक फळ दाखवू नये, भरलेली पेटी दाखवावी. गिऱ्हाइकाच्या घरी पेटी जाणार आहे.

६. फोनमध्ये रंग खुलवण्याची सोय असते, तिच्या वाटेला जाऊ नये. हळद फोटोत केशरी आणि डब्यात पिवळी निघाली, की तुमचे नाव गेले.

फोटो नेहमी स्वतःचाच असावा. दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याचा हक्क असतो, आणि गुऱ्हाळाच्या गोष्टीत पाहिलेच, की उसनी शोभा अंगलट येते.

फोटोखाली काय लिहावे

फोटो पाहून माणूस थांबतो, पण पैसे देतो ते वाचून. म्हणून फोटोखाली सात गोष्टी लिहाव्यात: गावाचे नाव, मालाची जात, काढणीची तारीख, निव्वळ वजन, दर, पोचवण्याचा दिवस आणि फोन नंबर. “ताजा, अस्सल, सर्वोत्तम” हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे त्यांना वजन उरलेले नाही. “मंगळवारी पहाटे काढलेली मेथी, बुधवारी सकाळी तुमच्या दारात” हे वाक्य कोणाला उसने घेता येत नाही.

जे फोटोत दिसत नाही, ते तर आवर्जून लिहावे. हापूसचे उदाहरण घ्या. बाहेरून देखणे फळ आत साक्याचे निघू शकते. बागाईतदारालाही ते वरून ओळखता येत नाही. तेव्हा आधीच लिहावे, की कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील. पैसे परत करावे लागतील या भीतीने पुष्कळ जण हे लिहीत नाहीत. पण तक्रार केव्हातरी येणारच. आधी लिहिलेल्या घराकडे ती विनंती म्हणून येते, न लिहिलेल्या घराकडे भांडण म्हणून.

नावाच्या बाबतीतही काळजी घ्यावी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. दुसरीकडच्या आंब्याच्या फोटोखाली ते नाव घालणे योग्य नाही. आपल्या आंब्याचे खरे नाव लिहावे. केशर, पायरी, गावठी यांनाही चाहते आहेत.

हंगाम दाखवा

विक्रीच्या दिवशीच फोटो टाकणारा माणूस, कामापुरता दारात येणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. ओळख आधीपासून व्हावी. डाळिंबाचा बहार धरला तेव्हाचा फोटो टाका, कळी आली तेव्हाचा टाका, विरळणीचा टाका. गारपिटीने नुकसान झाले तर तेही दाखवा. चार महिने झाड पाहिलेल्या माणसाला फळाचा दर जास्त वाटत नाही. कारण त्यामागचे कष्ट त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात.

आठवड्याला दोन किंवा तीन फोटो पुरेत, पण नेमाने. दुधाच्या रतिबासारखा त्यात खंड पडू नये. वेळ शक्यतो रात्रीच्या जेवणाआधीची धरावी. कामावरून परतलेली माणसे तेव्हा फोन पाहतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लावलेला फोटो चोवीस तासांनी आपोआप जातो, तेव्हा दर आणि पोचवण्याचा दिवस यांसारखी कायमची माहिती व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये भरून ठेवावी. एकाच वेळी पुष्कळांना संदेश पाठवण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी करता येते. मात्र ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो पोचतो. म्हणून पहिल्या पेटीत चिठ्ठी घालावी: “आमचा नंबर साठवून ठेवा, पुढचा तोडा निघाला की कळवू.”

गिऱ्हाइकांची वही

आता सर्वांत महत्त्वाचे. टिकटॉक नावाचे ॲप आपल्या खेड्यापाड्यांतही घरोघर पोचले होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने त्यासह ५९ ॲपवर बंदी घातली. ज्यांनी तिथे हजारो माणसे जमवली होती, त्यांची ती जमवाजमव एका रात्रीत गेली. बंदीचे सोडाच, खाते चोरीला गेले, फोन पाण्यात पडला, कंपनीने नियम बदलला, तरी हीच गत होते. फोनवरचे पान म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतले पीक आहे. ते जरूर घ्यावे, पण कणगी आपल्या घरात असावी.

ही कणगी म्हणजे साधी दोनशे पानी वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, नंबर, काय नेले, कधी नेले, काय तक्रार केली, कोणाच्या ओळखीने आले, हे तिच्यात लिहावे. फोटोला किती जणांनी पसंतीचा अंगठा दाखवला, हे मोजत बसू नये. अंगठ्याने उसाचे बिल भागत नाही. वर्षाअखेर वहीत एकच आकडा काढावा: मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी परत किती आली?

हिशेब मांडून पाहा

समजा, गुळाला बाजारात किलोला ४५ रुपये मिळतात आणि हमाली-वाहतूक जाऊन ४३ हाती येतात. थेट विक्रीचा दर ८० ठेवला. पिशवी-पेटीला ७, पाठवणीला १४ आणि फुटतूट धरून २, असे २३ गेले, राहिले ५७. म्हणजे किलोमागे १४ रुपये अधिक. शंभर किलोला १४०० रुपये. पाच-पाच किलोच्या २० पेट्या, एकेका पेटीमागे फोन, बांधणी, पाठवणी मिळून अर्धा तास, म्हणजे दहा तासांचे काम. तासाला १४० रुपये पडले. तुमचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही मांडा. पण “दुप्पट भाव मिळतो” या बोलण्याला भुलू नका आणि सगळा माल एकदम या वाटेने नेऊ नका. पहिल्या वर्षी दहावा हिस्सा पुरे.

आणखी एक हिशेब घरातला. फोटो काढणे, उत्तरे देणे, वही लिहिणे हे काम बहुतेक घरांत सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते, स्वयंपाक, गुरे आणि खुरपणी सांभाळून. ते काम आहे, विरंगुळा नव्हे. त्या विक्रीचे पैसे तिच्या खात्यावर जमा व्हावेत, निदान तिचा वाटा ठरलेला असावा. जिथे असे होते तिथे पान चालू राहते. जिथे होत नाही तिथे पहिल्याच हंगामानंतर ते बंद पडलेले मी पाहिले आहे.

सावध राहा

गिऱ्हाईक असल्याचे भासवून लुबाडणारेही याच वाटेने येतात. “पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका” असे कोणी म्हणाले, की समजावे हा ठग. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. तुमचे फोटो चोरून दुसराच कोणी आगाऊ पैसे मागू शकतो, म्हणून फोटोवर गावाचे नाव आणि आपला नंबर घालावा. लहान मुलांचे आणि दागदागिन्यांचे फोटो या पानावर नकोत.

शेतातला कच्चा माल विकायला अन्न परवाना लागत नाही. पण गूळ, लोणचे, पापड, मसाला असा प्रक्रिया केलेला माल विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि तो क्रमांक पाकिटावर छापावा. फोटोत तो क्रमांक दिसला, की अनोळखी माणसाचाही विश्वास बसतो.

या आठवड्यात एवढेच करा. शेतात आज जे उभे आहे, त्याचा सकाळच्या उजेडात एक खरा फोटो काढा. त्याखाली सात गोष्टी लिहा. ओळखीच्या दहा घरांना पाठवा आणि वहीचे पहिले पान उघडून त्या दहा जणांची नावे लिहा. एका मोसमात त्यातली सहा घरे जरी दुसऱ्यांदा विचारायला आली, तरी तुमच्या मालाला गावाबाहेर नाव मिळाले असे खुशाल समजा.