पहिली नोंद आणि आगमन : एका भूस्थित ऑर्किडचे देशांतर

वनस्पतींच्या देशांतराविषयी लिहिताना ‘परकी’, ‘रुळलेली’ आणि ‘आक्रमक’ ही विशेषणे पुष्कळदा एकाच अर्थाने योजिली जातात. वस्तुतः ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे होत. वनस्पती बाहेरून आली काय, हा पहिला प्रश्न. मनुष्याच्या साहाय्यावाचून ती नव्या भूमीत पिढ्यानपिढ्या टिकते काय, हा दुसरा. आणि तिच्या प्रसाराने तेथील जीवसृष्टीस बाधा पोचते काय, हा तिसरा. हा भेद किती आवश्यक आहे, हे झ्यूक्साइन स्ट्रॅट्यूमॅटिका या लहानशा ऑर्किडच्या उदाहरणाने दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्ण प्रदेशांतील बहुतेक ऑर्किडे वृक्षांच्या आधाराने वाढतात. हे मात्र ओलसर गवतात, जमिनीवर वाढते. त्याची मूळ भूमी आशिया होय. भारत व श्रीलंकेपासून जपानपर्यंत ते पसरलेले असून महाराष्ट्रातही आढळते. लिनीअसने 1753 मध्ये त्याचा समावेश ‘ऑर्किस’ या प्रजातीत केला होता; 1911 मध्ये श्लेख्टरने त्यास आजचे नाव दिले. भारतातील जुन्या वनस्पतिग्रंथांत मात्र ते ‘झ्यूक्साइन सल्काटा’ या नावाने येते. एकच नाव धरून नोंदी शोधणाऱ्यास त्याचा प्रदेश खंडित भासेल. तात्पर्य, वनस्पतीच्या इतिहासाआधी तिच्या नावाचा इतिहास तपासणे प्राप्त होते.

अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात, हे ऑर्किड 1936 मध्ये प्रथम आढळले व ओक्स एम्स या तज्ज्ञाने 1938 मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे ते मेक्सिकोच्या आखातालगतच्या इतर राज्यांतही दिसू लागले. हवाई बेटांवरही ते आढळते. हिरवळीसाठी चीनमधून आणलेल्या गवताच्या बियांबरोबर ते फ्लोरिडात आले असावे, असा एक तर्क आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एखादा शब्द ज्या हस्तलिखितात प्रथम सापडतो, त्याच वर्षी तो भाषेत आला, असे आपण मानीत नाही. बोलण्यात तो कितीतरी आधी रुळलेला असू शकतो. या ऑर्किडची पाने गवतासारखी अरुंद असतात. हिवाळ्यात पिवळ्या ओष्ठाची बारीक पांढरी फुले येईपर्यंत ते ओळखणे कठीण. म्हणून 1936 हे वर्ष आगमनाचे नव्हे, तर दृष्टीस पडल्याचे होय.

ते रुळले कसे, याचे उत्तर त्याच्या बीजात आहे. ऑर्किडचे बीज धुळीच्या कणाएवढे असून त्यात अंकुरासाठी अन्नसाठा नसतो. ते वाऱ्याने दूर जाते खरे. परंतु मातीतील योग्य कवकाने अन्न पुरविल्यावाचून रुजत नाही. देशांतराच्या मार्गातील खरा अडसर अंतराचा नसून अशा सहचराचा आहे. दुसरा अडसर परागसिंचनाचा. पुष्कळ ऑर्किडे विशिष्ट कीटकावर अवलंबून असतात. हे मात्र कीटकाची वाट न पाहता बीज धरते. त्यामुळे एकटे रोपही नव्या वसाहतीस पुरेसे ठरू शकते.

तथापि रुळणे म्हणजे आक्रमण नव्हे. हिरवळीत उगवणे हा एवढ्याने अपराध ठरत नाही. बाधा स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. ती कशी सिद्ध होते, याचे उदाहरण प्वेर्तो रिकोत मिळते. स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा हे आशियाई भूस्थित ऑर्किड तेथे रुळले आहे. त्यावर तेथलाच एक सोंडकिडा पोसला जातो आणि त्यामुळे ब्लेटिया पाटुला या स्थानिक ऑर्किडास त्या किड्याचा उपद्रव अधिक होतो, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. येथे जागेसाठी प्रत्यक्ष झुंज नाही. हानी तिसऱ्याच जीवाच्या द्वारे होते. अशी हानी केवळ रोपांची संख्या मोजून कळत नाही.

‘स्ट्रॅट्यूमॅटिका’ या पदाच्या मुळाशी सैन्यवाचक ग्रीक शब्द आहे. हा योगायोग मोहक आहे, आणि म्हणूनच धोक्याचाही. ‘आक्रमण’, ‘शिरकाव’, ‘वसाहत’ ही युद्धाच्या व राज्यविस्ताराच्या परिभाषेतून उचललेली रूपके आहेत. वर या लेखातही ‘वसाहत’ हा शब्द आलाच. रूपक टाळणे नेहमीच शक्य नसते. मात्र त्याने पुराव्याची जागा घेता कामा नये. मराठीत ही परिभाषा अद्याप घडत असताना ‘परकी’, ‘रुळलेली’ व ‘आक्रमक’ या संज्ञांच्या सीमा अभ्यासकांनी आजच निश्चित कराव्यात, हे इष्ट होय.