दुकान रोज चालते, प्रकल्प एकदाच उभा राहतो

व्यापारी कुटुंबाला दुकान चालविणे कोणी शिकवावे लागत नाही. मालाची आवक, उधारी, वसुली आणि दिवाळीचे वहीपूजन हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत असते. मात्र तेच कुटुंब वाळूज किंवा शेंद्रा येथे कारखाना उभारू लागले, की अनेकदा गणित चुकते. प्रकल्पाला निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट असतो. दुकानाप्रमाणे आजची चूक उद्या सावरून घेता येत नाही.

कामाची व्याप्ती, मुदत आणि खर्च हे प्रकल्पाचे तीन आधार. एक हलविला की उरलेले दोन जागेवर राहत नाहीत. बांधकाम निम्म्यावर आल्यावर आणखी एक मजला चढविण्याचे ठरले, तर केवळ विटा-सिमेंट वाढत नाही, दिवसही वाढतात. एक कोटीच्या कर्जावर दरसाल १० टक्के दराने महिन्याला सुमारे ८३ हजार रुपये व्याज होते. यंत्रे सुरू नसली तरी ते चढतच राहते, आणि कंत्राटदाराच्या बिलात ते कोठेही दिसत नाही.

या शास्त्राचा जुना धडा याच शहराच्या भूमीखाली आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याने खडकी वसविली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी बांधविली. उत्तरेकडील डोंगराळ भागातील पाणी भूमिगत नहरीतून, निव्वळ उताराच्या बळावर वस्तीत आले. दरबारातील काहींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. तरीही काम पंधरा महिन्यांत, सुमारे अडीच लाख रुपयांत पूर्ण झाले, असे परंपरेने सांगितले जाते. उताराचे काम असे, की एका टप्प्यात चूक झाली तर पुढचे सारे बांधकाम कोरडेच राहावयाचे. म्हणून कोणते काम कोणत्या कामाआधी, हे प्रथम ठरवावे लागते. नहरीत उतरून साफसफाई करता यावी, यासाठी वाटेत तोंडेही ठेवलेली होती. काम संपल्यावर ते चालवावयाचे कसे, याचा विचार आरंभीच झाला होता.

प्रकल्प व्यवस्थापकाचे कर्तव्य हेच. तो गवंडी नसतो, अभियंता असलाच पाहिजे असेही नाही. कामाचे टप्पे पाडणे, प्रत्येक टप्प्यास तारीख आणि जबाबदार व्यक्ती नेमणे, संभाव्य अडचणी आधी हेरणे, दर आठवड्यास अंदाज व प्रत्यक्ष यांचा मेळ घालणे आणि वाईट बातमी वेळेवर सांगणे, हे त्याचे काम.

एकत्र कुटुंबात अडचण येते ती येथेच. काका एक सांगतात, थोरले बंधू दुसरे, आणि कंत्राटदार सोयीचे तेवढे ऐकतो. चर्चा घरात सर्वांनी करावी. साइटवर मात्र एकाचाच शब्द चालावा. नवा बदल सुचला, तर त्याचे दिवस आणि रुपये आधी कागदावर मांडावेत आणि मगच होकार द्यावा. उधारीची नोंद चुकू न देणाऱ्या घराला ही शिस्त परकी नाही. रोजमेळाशेजारी आणखी एक वही ठेवावयाची, इतकेच.